एस्क्रोची लिंक समोरच्याने पाठवली असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१९ साली नोंदवलेलं एक डॉट कॉम डोमेन नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्याकडे पडून आहे. परदेशातल्या एका माणसाने त्याचे ४,२०० डॉलर देऊ केलेत. ‘एस्क्रोने करू, म्हणजे तुम्हालाही चिंता नको आणि मलाही’ असं म्हणत (एस्क्रो म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे किंवा माल तिसऱ्याकडे धरून ठेवणं) त्याने एका साइटची लिंक पाठवली आहे आणि तिथे खातं उघडून पॅन कार्डाचा फोटो चढवायला सांगितलाय. शिवाय तुमचा धाकटा भाऊ टेलिग्रामवर यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो नाणं) घेतो-विकतो, त्यालाही ‘एस्क्रो आहे ना, मग कसली भीती’ हेच ऐकवलं जातं. दोन्ही ठिकाणी एस्क्रो आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत का, असं तुम्ही विचारताय.

आधी तातडीचं सांगतो. त्या लिंकवर खातं उघडू नका आणि पॅन चढवू नका. गिऱ्हाईक खरं असेल तर दोन दिवस थांबेल. थांबायला तयार नसेल, तर तो कोण आहे हे तुम्हाला फुकटात कळेल.

मी पुण्यात बसून सोळा वर्षं डोमेन नावांची खरेदी-विक्री करतोय. हजार डॉलरच्या वरचा कोणताही व्यवहार मी एस्क्रोशिवाय करत नाही, विकत घेतानाही आणि विकतानाही. त्यामुळे एस्क्रो वाईट आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. उलट परक्या देशातल्या अनोळखी माणसाबरोबर व्यवहार करायचा तर त्याच्याइतकी चांगली सोय मला दुसरी माहीत नाही. पण हा शब्द कानावर पडला की माणूस सैल होतो, चौकशी थांबवतो, आणि फसवणारे नेमकं तिथेच बोट ठेवतात. म्हणून कोणीही एस्क्रोचं नाव काढलं की मी तीन गोष्टी विचारतो: धरलंय कोणी, धरलंय काय, आणि सुटणार कशावर.

आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात इसार देतात, तो थेट विकणाऱ्याच्या हातात जातो. व्यवहार फिसकटला तर इसार परत मिळवण्यासाठी घेणारा चपला झिजवतो. एस्क्रोत तोच पैसा तिसऱ्या माणसाकडे राहतो आणि ठरलेली गोष्ट घडल्याशिवाय कोणालाच मिळत नाही. फ्लॅट घेतलेल्यांना हे रेरा या घरबांधणीच्या कायद्यामुळे ओळखीचं असेल. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के बिल्डरने प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे, आणि बांधकाम जितकं पुढे सरकेल तितकेच काढायचे, तेही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए अशा तिघांचे दाखले जोडून. त्या खात्याला एस्क्रो म्हणा किंवा न म्हणा, कल्पना तीच. पैसा आहे, दिसतोय, पण अट पुरी झाल्याशिवाय हलत नाही.

आता धरलंय कोणी, याकडे येऊ. तुमच्या प्रकरणात सगळं इथेच अडकलंय.

बनावट एस्क्रो साइट हा इंटरनेटवरच्या सर्वांत जुन्या फसवणुकींपैकी एक प्रकार आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे अशीच एक लिंक आली होती, तेव्हा काय काय दिसलं ते सांगतो. साइट देखणी होती. वर कुलुपाचं चिन्ह होतं, पण ते प्रमाणपत्र आज कोणालाही पाच मिनिटांत फुकट मिळतं, त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. साइट चोराची असली तरी कुलूप दिसतंच. तळाशी अमेरिकेतल्या एका राज्याचा परवाना क्रमांक होता. मी तो त्या राज्याच्या सरकारी यादीत शोधला, तर क्रमांक खरा निघाला आणि नाव दुसऱ्याच कंपनीचं. मग डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर त्या साइटचं डोमेन टाकलं. नोंदणी होऊन एकोणीस दिवस झाले होते. साइटवर मात्र ‘वीस वर्षांचा विश्वास’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं.

पुढे काय होतं ते बघायला मी खोटं नाव आणि फेकून द्यायचा ईमेल वापरून खातं उघडलं (तुम्ही हे करू नका, माझा हा धंदा आहे). तासाभरात हिरवी खूण आली: खरेदीदाराने पूर्ण रक्कम भरली, आता डोमेन हस्तांतरित करा. घाईत असलेला विक्रेता इथेच डोमेन देऊन बसतो. मी दिलं नाही, तेव्हा दुसरा डाव आला. विक्रेत्याची पडताळणी बाकी आहे, त्यासाठी १८० डॉलर भरा, व्यवहार संपल्यावर परत मिळतील. म्हणजे डोमेन गेलं नाही तर निदान १८० डॉलर तरी.

हे पक्कं लक्षात ठेवा. खरी एस्क्रो कंपनी विक्रेत्याकडून स्वतःची फी घेते तेव्हा ती तुमच्या रकमेतून कापून घेते. पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे पाठवा, असं ती कधीच म्हणत नाही. रिलीज फी, विमा, अनामत, मनी लाँडरिंग विरोधी दाखला, कर आगाऊ, नाव काहीही द्या, विक्रेत्याला खिशात हात घालायला लावला की ती साइट बनावट.

डोमेनवाल्यांसाठी याचाच एक सख्खा भाऊ आहे. खरेदीदार म्हणतो, किंमत मान्य आहे, पण माझ्या गुंतवणूकदाराला मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागतं, अमुक एका साइटवरून काढून घ्या, शंभर-दीडशे डॉलरचा खर्च आहे. ती साइट त्याचीच असते. प्रमाणपत्र येतं, खरेदीदार जातो. तुमच्याकडे अजून हे मागितलं नसेल तर मागितलं जाईल, तयार राहा.

मग खरी कंपनी निवडायची कशी? डोमेनच्या धंद्यात बहुतेक जण एस्क्रो डॉट कॉम वापरतात, मीही तेच वापरतो. ती १९९९ पासून चालू आहे, २०१५ मध्ये फ्रीलान्सर या ऑस्ट्रेलियन कंपनीने ती विकत घेतली, आणि कॅलिफोर्नियाच्या आर्थिक संरक्षण खात्याचा तिला परवाना आहे. त्या खात्याच्या साइटवर परवाना कोणालाही तपासता येतो. तीच वापरा असा माझा आग्रह नाही. मोठ्या डोमेन बाजारपेठांची स्वतःची सोय असते, तीही चालते. आग्रह एका गोष्टीचा आहे: पत्ता तुम्ही स्वतः ब्राउझरमध्ये टाइप करायचा. लिंकवरून जायचं नाही, गूगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर टिचकी मारायची नाही. खऱ्या नावाच्या मध्ये एक आडवी रेघ घातलेले, मागे एक शब्द जोडलेले, शेवटी डॉट कॉमच्या जागी दुसरंच काही असलेले डझनावारी पत्ते फिरत असतात.

व्यवहार सुरू झाल्यावरही हीच शिस्त. ‘पैसे सुरक्षित झाले, आता डोमेन द्या’ असा ईमेल आला की त्यातल्या बटणाला हात लावायचा नाही. नवी खिडकी उघडायची, पत्ता टाइप करायचा, लॉगिन करायचं, आणि व्यवहाराच्या पानावर खरंच तसं दिसतंय का ते पाहायचं. एस्क्रोच्या नावाने बनवलेला खोटा ईमेल हुबेहूब असतो. लोगो, रंग, व्यवहार क्रमांक, सगळं. पण तुमच्या खऱ्या खात्यातलं पान फसवणाऱ्याला बदलता येत नाही.

भारतात हेच का करता येत नाही, असंही तुम्ही विचारलंय. आपल्याकडे बँका एस्क्रो खाती उघडतात, पण ती त्रिपक्षीय करार, कागदपत्रं आणि फी यांच्यासकट, कंपन्यांच्या मोठ्या व्यवहारांसाठी. दोन घरगुती माणसांच्या तीन-चार लाखांच्या व्यवहारासाठी ते झेपत नाही. आणि इथे एक गैरसमज मुद्दाम पसरवला जातो. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० च्या नियमांत पेमेंट ॲग्रिगेटरना (दुकानदारांच्या वतीने ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना) ग्राहकांचे पैसे अनुसूचित व्यापारी बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवायला सांगितलं. ती सोय दुकानदाराच्या पैशांसाठी आहे: तुम्ही ऑनलाइन खरेदी केलीत की रक्कम दुकानदाराला पोचेपर्यंत कुठे राहावी, यासाठी. दोन अनोळखी माणसांच्या भांडणात पैसा धरून ठेवायला ती नाही. त्यामुळे एखादी साइट ‘आरबीआय मान्यताप्राप्त एस्क्रो’ असं मिरवत असेल आणि पैसे मात्र कोणा व्यक्तीच्या नावाच्या यूपीआय आयडीवर मागत असेल, तर पुढे विचार करायची गरज नाही.

आता सुटणार कशावर. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे, म्हणून जरा लांबवर सांगतो.

२०१४ साली मी एका छंदाच्या विषयावरचं डोमेन १,८०० डॉलरला विकलं. एस्क्रो खरा होता, पैसे खरे होते, खरेदीदारही चोर नव्हता. व्यवहार नोंदवताना वर्णनाच्या रकान्यात मी घाईत लिहिलं: साइट आणि तिच्याशी संबंधित सर्व गोष्टी. माझ्या मनात डोमेन आणि त्यावरची चार पानं होती. डोमेन त्याच्या खात्यात गेल्यावर त्याने विचारलं, फेसबुक पेज कधी देताय? त्या पेजवर अकरा हजार लोक होते आणि मी ते दुसऱ्या साइटसाठी वापरणार होतो. मी नाही म्हटलं. त्याने तपासणीच्या मुदतीत माल नाकारला. सव्वीस दिवस माझे पैसे एस्क्रोत, डोमेन त्याच्या खात्यात, आणि रोज एक ईमेल. एस्क्रोवाल्यांनी दोघांना एकच उत्तर दिलं: अटीत काय लिहिलंय ते वाचा, आपसांत मिटवा, नाही मिटलं तर लवादाकडे जा. ते बरोबरच बोलत होते. ‘संबंधित सर्व गोष्टी’ मीच लिहिलं होतं. शेवटी मी पेज दिलं आणि पैसे सुटले.

त्या दिवसापासून माझं ठाम मत झालंय की एस्क्रो पैसे सांभाळतो, व्यवहार समजून घेत नाही. त्याच्यापुढे फक्त लिहिलेली अट असते. तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या गप्पा, फोनवर ठरलेलं, ‘आपलं बोलणं झालं होतं ना’, यातलं काही त्याला दिसत नाही.

म्हणून अटी लिहायला अर्धा दिवस लागला तरी लावा. तुमच्या बाबतीत मी असं लिहीन: विक्री फक्त या डोमेन नावाची. होस्टिंग, ईमेल खाती, लोगो, सोशल मीडियाची खाती, साइटवरचा मजकूर यांपैकी काहीही विक्रीत नाही. डोमेन सध्या अमुक रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) आहे, मुदत अमुक तारखेला संपते. खरेदीदाराने त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडायचं आणि डोमेन त्या खात्यात पुश केलं (थेट सरकवलं) जाईल. डोमेन त्याच्या खात्यात दिसलं की हस्तांतर पूर्ण. त्यानंतर तपासणीसाठी तीन दिवस. एस्क्रोची फी खरेदीदाराकडे, किंवा निम्मी-निम्मी, जे ठरेल ते. बँकेचे वायर शुल्क कोणाकडे तेही लिहा, कारण मधल्या बँका वीस-तीस डॉलर कापतात आणि मग त्यावरून तोंडं वाकडी होतात.

पुशचा आग्रह का, ते सांगतो. डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे न्यायचं तर लॉक काढा, ऑथ कोड (डोमेन हलवायचा गुप्त संकेत) द्या, आणि जुन्या रजिस्ट्रारने आधी मंजुरी दिली नाही तर पाच दिवस वाट पाहा, अशी ती वाट आहे. त्या पाच दिवसांत डोमेन धड तुमचं नसतं आणि धड त्याचंही नसतं. एकाच रजिस्ट्रारच्या दोन खात्यांत पुश काही मिनिटांत होतं. ऑथ कोड तर एस्क्रोच्या पानावर रक्कम जमा दिसेपर्यंत कोणालाही द्यायचा नाही. ‘मालकी तपासायला हवा’ असं म्हणून तो आधीच मागितला जातो. मालकी दाखवायची तर डोमेनच्या डीएनएसमध्ये (त्याच्या तांत्रिक नोंदींत) त्याने सांगितलेला एखादा शब्द टेक्स्ट नोंद म्हणून टाका. खऱ्या जाणकाराला तेवढं पुरतं.

आणखी एक. विक्री होईपर्यंत डोमेनवरचं मालकाचं नाव किंवा ईमेल बदलू नका. २०१६ च्या डिसेंबरपासून आयकॅनच्या नियमानुसार मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यावर ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं. पुष्कळ जण विक्रीआधी ‘नीट आवरून ठेवू’ म्हणून जुना ईमेल बदलतात आणि तिथेच अडकतात.

तपासणीची मुदत ही दुधारी गोष्ट आहे. विकताना ती लहान ठेवा, घेताना मोठी मागा. ती कधी सुरू होते आणि मुदतीत खरेदीदार काहीच बोलला नाही तर माल मान्य धरतात का, हे त्या कंपनीच्या अटींत वाचून घ्या. आणि खरेदीदाराने नाकारलं तर आधी डोमेन तुमच्या खात्यात परत यायला हवं, मगच त्याचे पैसे परत. हा क्रम तुमच्या अटींतही लिहा.

मराठी माणसाला एक खास अडचण येते, ती इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही. आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. पॅनवर तीन शब्द, बँकेत दोन, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, आणि रजिस्ट्रारच्या खात्यात कॉलेजात असताना टाकलेलं लाडकं नाव. परदेशी कंपनीच्या पडताळणी करणाऱ्याला हे तीन वेगळे लोक वाटतात. एका ओळखीच्या मुलीचे पैसे पंधरा दिवस याच कारणाने थांबले होते, लग्नानंतर बँकेतलं नाव बदललं होतं आणि पासपोर्टवरचं नव्हतं. एस्क्रो खातं उघडताना बँक खात्यावर आहे तेच नाव, त्याच क्रमाने, अक्षरन् अक्षर टाका आणि तेच नाव असलेला कागद पुढे करा.

पैसे वायरने तुमच्या बचत खात्यात येतील, तेव्हा बँक फोन करून विचारेल की हे कशाचे. व्यवहाराचं पान, अटी आणि एस्क्रोचं पत्र यांचं पीडीएफ तयार ठेवा, आणि आवक रकमेचा दाखला बँकेकडून मागून घ्या. कर कसा लागेल ते तुमच्या सीएला विचारा; एकच डोमेन विकणारा आणि माझ्यासारखा धंदा करणारा यांना एकच नियम लागू होत नाही.

आता भावाकडे येतो. त्याच्या बाबतीत मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते, आणि त्याचं कारण माझ्या दुसऱ्या प्रश्नात आहे: धरलंय काय?

२०१८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. क्रिप्टोची खरेदी-विक्री चालते त्या एक्स्चेंजना रुपये घेता-देता येईनात. तेव्हा आपल्याकडे पी टू पी (माणसाकडून थेट माणसाला) पद्धत रुळली: एक्स्चेंजने विकणाऱ्याची नाणी अडकवून ठेवायची, आणि रुपये घेणाऱ्याने थेट विकणाऱ्याच्या बँक खात्यात टाकायचे. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, पण पद्धत राहिली. नीट बघा, या एस्क्रोत फक्त नाणी आहेत. रुपये एस्क्रोत कधीच जात नाहीत. ते यूपीआयने किंवा आयएमपीएसने बाहेरच्या बाहेर फिरतात, आणि ते कोणाचे, कुठून आलेले, हे कोणी तपासत नाही.

मग होतं असं. नागपुरातल्या एखाद्या निवृत्त माणसाला कोणी तरी फोनवर धमकावून पाच लाख काढून घेतो. ते पैसे दोन-तीन भाड्याच्या खात्यांतून फिरतात आणि त्यातले चाळीस हजार तुमच्या भावाच्या खात्यात यूएसडीटीची किंमत म्हणून येतात. भाऊ रक्कम पाहतो, नाणी सोडतो, एस्क्रोच्या हिशेबाने व्यवहार चोख. चार दिवसांनी तो म्हातारा सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन करतो, पैशांचा माग निघतो आणि तुमच्या भावाचं खातं गोठतं. कधी तेवढ्याच रकमेवर लिएन (पैसे काढण्यावर रोख) लागतो, कधी सगळं खातं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ चा आधार घेऊन पोलीस ते करतात, आणि पोलीस ठाणं बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यातलं असतं. पगार त्याच खात्यात येत असेल तर घरभाडं आणि हप्ते सगळं थांबतं. मी दोन मुलांना यातून बाहेर पडताना पाहिलंय, एकाला सात महिने लागले. एस्क्रो त्या सात महिन्यांत कुठेच नव्हता, कारण त्याचं काम नाणी सुटली त्या क्षणी संपलं होतं.

त्याला विकायचंच असेल तर आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययू-इंडकडे नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर थेट विकावं, पी टू पी नको. तरीही पी टू पी करणारच असेल, तर ज्या नावाने ऑर्डर आहे त्याच नावाच्या खात्यातून पैसे आले पाहिजेत. ‘भावाच्या खात्यातून टाकतो’, ‘दुकानाच्या खात्यातून टाकतो’ असं कोणी म्हटलं की नाणी सोडायची नाहीत, तक्रार नोंदवून पैसे आले त्याच खात्यात परत करायचे. पैसे आले का हे बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहून ठरवायचं. एसएमएस कोणीही पाठवू शकतो, स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतो, आणि एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत जातं, त्यामुळे ‘पाठवले’ म्हणजे ‘आले’ नव्हे. घेणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर पैसे भरल्यावर ऑर्डर कधीही रद्द करायची नाही. ‘थोडी गडबड झालीय, तुम्ही रद्द करा, मी पैसे परत टाकतो’ असं विकणारा लाघवीपणे सांगतो. रद्द केली की एस्क्रोतली नाणी त्याच्याकडे परत जातात, आणि तुमचे रुपयेही त्याच्याकडेच असतात.

टेलिग्रामवर तर एस्क्रो असतो तो म्हणजे एक ॲडमिन. एक माणूस म्हणतो, माझ्याकडे टाका, मी धरतो. त्याच्यावर कोणाची नजर नाही, त्याचं नाव माहीत नाही. वर त्या ॲडमिनची नक्कल करणारे असतात. रोमन लिपीतला कॅपिटल आय आणि लहान एल फोनवर जुळ्या भावंडांसारखे दिसतात. तेवढं एक अक्षर बदलून, तोच फोटो लावून, कोणी तरी ‘मी ॲडमिन बोलतोय, व्यवहाराचा ग्रुप केलाय’ असा मेसेज टाकतो. ग्रुपमध्ये तिघं दिसतात, त्यातले दोघं एकच असतात. यात सुरक्षित राहायची युक्ती मला माहीत नाही, म्हणून मी एवढंच सांगेन की ते बंद करायला सांगा. शिवाय २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि ठरावीक रकमेपुढे १ टक्का टीडीएस आहे. एक्स्चेंज टीडीएस स्वतः कापतं. टेलिग्रामवर ती जबाबदारी घेणाऱ्याची, आणि तिथे ती कोणी पाळताना मी पाहिलेलं नाही.

जुना कॅमेरा, सोफा, दुचाकी असल्या स्थानिक व्यवहारांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे एस्क्रोची गरजच नसते. दिवसाउजेडी भेटा, वस्तू पाहा, यूपीआय तिथल्या तिथे करा. मी लष्करात आहे, बदली झालीय, माल न पाहता घेतो, माणूस पाठवतो, एस्क्रोचा क्यूआर स्कॅन करा, हे सगळं एकाच माळेतले मणी. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

त्या लिंकवर तुम्ही आधीच काही भरलं असेल आणि मला लिहायचं राहिलं असेल, तर लाजू नका. रक्कम गेली असेल तर लगेच १९३० ला फोन करा, रात्री असला तरी करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले तरच हाती लागतात. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार, बँकेला लेखी पत्र, आणि सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट. पॅन चढवलं असेल तर पुढचे काही महिने तुमचा क्रेडिट रिपोर्ट पाहत राहा, तुमच्या नावावर कोणी कर्ज घेतंय का ते तिथे दिसतं.

आज रात्री दोन कामं करा. रजिस्ट्रारच्या खात्याला आणि त्याच्याशी जोडलेल्या ईमेलला दुहेरी पडताळणी लावा, डोमेनचं लॉक चालू आहे ना ते बघा. गिऱ्हाईक खरं असो वा खोटं, ४,२०० डॉलरची बोली लागलेलं डोमेन कोणाच्या तरी नजरेत आलंय. आणि त्या माणसाला इंग्रजीत चार ओळींचं उत्तर लिहा: किंमत मान्य आहे. एस्क्रोची कंपनी मी निवडेन आणि व्यवहार मी नोंदवेन, तुम्हाला कंपनीकडून निमंत्रण येईल. फी निम्मी-निम्मी. डोमेन याच रजिस्ट्रारकडे पुश होईल, तिथलं तुमचं खातं तयार ठेवा. आणि तुम्ही लिहिलेल्या अटींचा मसुदा, व्यवहार नोंदवण्याआधी, तुम्ही मला पाठवा, मी वाचून देतो.